चिठ्ठी आणि शिट्टी

"ड्रॉ बघितलास का भावा? लावलेला हाय, लावलेला!"

कसबा बावड्यात मिसळीच्या टेबलावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कटाच्या तर्रीइतकंच ओळखीचं झालंय. थंडी पडली, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की कुणीतरी ओल्या बोटांनी पेपर उलगडतं, स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका शोधतं आणि पहिला घास पोटात जायच्या आत भांडण पेटतं. पाटाकडील आणि दिलबहार एकाच बाजूला कसे काय आले? दुसऱ्या बाजूच्यांना फायनलपर्यंत सगळा उताराचा रस्ता कसा? तिथून गाडी कालच्या पेनल्टीवर, पेनल्टीवरून लाईनमनच्या डोळ्यांवर आणि शेवटी कुठल्या तालमीचा स्ट्रायकर भारी, यावर येते. बिल देईपर्यंत निकाल लागत नाही. दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा.

कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आम्ही बावडेकर त्या मानानं जरा कडेचे. शहराच्या उत्तरेला, पंचगंगेच्या अंगाला आमचं गाव. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही "कोल्हापुरात जाऊन येतो" म्हणतात. त्यामुळे पेठांच्या भांडणात आम्हाला दोन्ही बाजू ऐकता येतात. निदान मी तरी तसं समजतो.

बरीच वर्षं मला वाटायचं, की हे सगळं रिकामपणाचं भांडण. मग एकदा कागद-पेन घेऊन बसलो आणि चाटच पडलो. मिसळीच्या टेबलावरची तक्रार 1883 साली ऑक्सफर्डच्या एका गणितज्ञानं छापून ठेवलेली आहे. लाईनमनच्या डोळ्यावर डच संशोधकांनी काम केलंय. आणि आपल्याच टीमवर अन्याय होतोय असं दोन्ही बाजूंना एकाच वेळी का दिसतं, यावर तर सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत प्रयोग झालाय.

आधी चिठ्ठ्यांचं बघू. समजा सोळा संघांची बाद फेरीची स्पर्धा आहे. सामने किती होतील? बोटं मोजायची गरज नाही. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो आणि शेवटी एकच उरायचा असतो, म्हणजे पंधरा घरी जाणार, म्हणून सामने पंधरा. इथवर सोपं आहे. पण हे सोळा संघ मांडायचे किती प्रकारांनी? कोण कुणाशी पहिल्यांदा खेळणार, त्यातला जिंकणारा पुढं कुणाशी, असा अख्खा नकाशा धरला, तर वेगवेगळे ड्रॉ निघतात 63 कोटी 85 लाख 12 हजार 875. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची जी लोकसंख्या होती, तिच्या साडेपाच पटींहून जास्त. डब्यातून चिठ्ठी काढणारा हात या 63 कोटींतला एक ड्रॉ उचलतो. आणि त्यातल्या जवळपास निम्म्या ड्रॉंमध्ये स्पर्धेतले सगळ्यात तगडे दोन संघ फायनलच्या आधीच एकमेकांवर आदळतात.

निम्मे कसे, तेही बघा. सगळ्यात तगडा संघ कुठंतरी एका खान्यात बसला. उरले पंधरा खाने. त्यातले सात त्याच्याच बाजूला, आठ समोरच्या बाजूला. दोन नंबरच्या संघाची चिठ्ठी त्या सातांत पडली, की फायनलच्या आधी कधीतरी दोघांची गाठ पडायची, ते दोघे बाकी सगळ्यांना हरवत गेले असं धरलं तर. म्हणजे पंधरात सात वेळा, सुमारे 47 टक्के, दोन नंबरच्या संघाला उपविजेतेपदही मिळणार नाही. त्यात कुणाची लबाडी नाही, फक्त डबा आणि चिठ्ठ्या. बावड्यातला माणूस "लावलेला हाय" म्हणतो तेव्हा तो चुकतो, पण "अन्याय झाला" म्हणतो तेव्हा गणित त्याच्याच बाजूला असतं.

ऑक्सफर्डचा तो गणितज्ञ म्हणजे चार्ल्स डॉजसन, ज्याला जग लुईस कॅरोल या टोपणनावानं आणि त्याच्या ॲलिसमुळे ओळखतं. लॉन टेनिसच्या स्पर्धांत बक्षिसं चुकीच्या माणसांना जातात, अशी त्याची तक्रार. 32 खेळाडू असतील तर दुसऱ्या क्रमांकाच्या खऱ्या हक्कदाराला ते बक्षीस मिळण्याची शक्यता 31 पैकी 16, म्हणजे नाणं उडवण्याइतकीच, हे त्यानं मांडून दाखवलं. मुलांसाठी सशाच्या बिळातली अद्भुत दुनिया रचणारा माणूस ड्रॉवरून इतका चिडलेला बघून मला तो एकदम आपल्या टेबलावरचा वाटला.

यावर जगानं काढलेला उपाय म्हणजे मानांकन. इंग्रजीत त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. तगडे खेळाडू तक्त्यात अंतर राखून पेरायचे. सरीत उसाची कांडी लावताना दोन डोळ्यांत अंतर ठेवतो, तसंच. दाटी झाली की एकानं दुसऱ्याचं खायचं. विम्बल्डनमध्ये 1927 पासून असं पूर्ण मानांकन आलं. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांत आठ-आठ संघ प्लेऑफला येतात आणि पहिला आठव्याशी, दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी भिडतो. तिथले प्रेक्षक त्यावरूनही भांडतातच. अमुक संघ सोपा रस्ता मिळावा म्हणून शेवटचे सामने मुद्दाम हरला, पश्चिमेत सगळे तगडे कोंबलेत आणि पूर्वेत मोकळं रान आहे, असं बरंच काही.

गंमत म्हणजे आपल्या मातीतली रीत याच्या बरोबर उलटी आहे. कुस्तीच्या मैदानात पंच 'जोड' लावतात. दोन पैलवान समोर उभे करायचे, उंची, वजन, अंगाचा भरीवपणा आणि मागच्या कुस्त्या बघायच्या आणि बरोबरीचे वाटले तर जोड पक्की. नारळावर लागणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंत सगळीकडे तोलामोलाचा गडी तोलामोलाच्या गड्याशी. जोड विजोड लागली तर लोक मैदानातच ओरडतात. शाहू महाराजांचा जन्म आमच्या बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातला, 26 जून 1874 चा. त्यांनी 1912 मध्ये उभं केलेलं खासबाग मैदान म्हणजे या जोडीच्या न्यायाचं देऊळच. तिथं तिकीट काढून बसलेल्या माणसाला शेवटची काटाजोड बघायला मिळणार, हे आधीच ठरलेलं असतं. मात्र त्यातून अजिंक्य कोण, ते निघत नाही. मानांकनात नेमकं उलट असतं. सुरुवातीच्या फेऱ्या मुद्दाम विजोड लावायच्या, म्हणजे खरी जोड शेवटच्या दिवशी लागेल. आणि नुसत्या चिठ्ठ्या टाकणं हे या दोन्हींत बसत नाही. पंधरा दिवसांची मेहनत त्यात एका डब्याच्या हवाली होते. मला विचाराल तर लीगच्या गुणतक्त्यातले पहिले चार संघ चार कोपऱ्यांत बसवावेत आणि उरलेल्या बारांच्या खुशाल चिठ्ठ्या काढाव्यात.

तरी भांडण मिटणार नाहीच. महाराष्ट्र केसरीचंच बघा. तिथं माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी लढतात, अगदी एनबीएच्या पूर्व-पश्चिमेसारखे. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात गंगावेश तालमीचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड हे दोघेही मातीत होते. म्हणजे किताबाच्या लढतीआधी एकजण जाणार, हे ठरलेलंच. सिकंदर गेला, तोही 'बाहेरची टांग' या डावाला दिलेल्या चार गुणांच्या वादातून. त्या वेळी गदा शिवराज राक्षेनं नेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं त्याच शिवराजला हरवून महाराष्ट्र केसरी मिळवली. आता जानेवारीत भारी कोण होता? यावर कोल्हापुरात आजही मिसळ गार होऊ शकते.

आणखी एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. समजा एक तालीम इतकी तगडी आहे, की कुणाशीही खेळली तरी दहापैकी सात वेळा जिंकते. सोळा संघांच्या स्पर्धेत तिला चार सामने लागोपाठ जिंकायचेत. शक्यता निघते 24 टक्के. म्हणजे निर्विवाद सगळ्यात भारी संघही चारपैकी तीन स्पर्धा हरणार! एनबीएच्या प्लेऑफमध्येही संघ सोळाच आणि फेऱ्याही चारच. पण तिथं प्रत्येक फेरी सात सामन्यांची असते. जो आधी चार जिंकेल तो पुढं. तीच दहात सातची ताकद तिथं एका फेरीत 87 टक्के होते आणि चारही फेऱ्या धरून 58 टक्के. शिवाय बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात एकेका संघाचे शंभराच्या आसपास गुण होतात, म्हणून एखादा नशिबाचा चेंडू त्यात विरघळून जातो. फुटबॉलमध्ये अख्खा सामना एका गोलवर, कधी तर कुणाच्या तरी गुडघ्याला लागून गेलेल्या गोलवर, उलटतो. कोल्हापूरच्या स्टेडियमवर एवढा जीव टांगणीला का लागतो, याचं निम्मं उत्तर मला या 24 टक्क्यांत सापडतं. दरवर्षी कुणीतरी लहान तालीम मोठ्या तालमीला टायब्रेकरवर घरी पाठवते. सात सामन्यांची फेरी असती, तर ते बहुधा झालं नसतं.

आता खेळाडूंबद्दल थोडं. खेळाडूनं हंगामाला तालीम बदलली, की पेठेत सुतक आणि दुसरीकडे साखर. परदेशातून, विशेषतः आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथं तालमींकडून खेळलेत. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. मोठ्या विश्वचषकाच्या वर्षी चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे फलक लागतात. पण मला थक्क करते ती एकच छोटी समजूत, "आज त्याचा पाय चालतोय, बॉल त्यालाच द्या." लागोपाठ दोन मारले की तिसराही जाणार, ही ती समजूत. बास्केटबॉलमध्ये यालाच 'गरम हात' म्हणतात. 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तिघा संशोधकांनी फिलाडेल्फिया संघाच्या नोंदी तपासल्या आणि जाहीर केलं, की असं काही नसतं, हा प्रेक्षकांच्या मनाचा खेळ आहे. त्यांनी विचारलेल्या चाहत्यांपैकी 91 टक्के लोक गरम हातावर विश्वास ठेवणारे निघाले होते. त्यानंतर तीस वर्षं सगळे शहाणे लोक चाहत्यांना हसत राहिले.

मग 2018 मध्ये मिलर आणि सानहुर्हो या दोघांनी त्या हिशेबातच फट दाखवली. फट इतकी साधी, की घरी करून बघता येते. नाणं तीनदा उडवा. असे एकूण आठ क्रम निघतात. प्रत्येक क्रमात छाप पडल्यानंतरच्या फेकीत पुन्हा छाप किती वेळा आली, त्याचं प्रमाण काढा. दोन क्रमांत हा प्रश्नच उद्भवत नाही, उरलेल्या सहांची सरासरी काढा. अर्धी यायला हवी ना? येते बारात पाच, म्हणजे 42 टक्के. छोट्या मालिकांत मोजायची ही पद्धतच गरम हाताला गार दाखवते. ती चूक दुरुस्त केल्यावर जुन्या नोंदींतूनही थोडा गरम हात निघाला. तीस वर्षांनंतर गॅलरी जिंकली, आणि गॅलरीला त्याचा पत्ताही नव्हता.

पण खरी शिवीगाळ शिट्टीवरून होते.

पावसाळ्यात आमच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पट्टी उभी आहे, पाणी तिला लागलेलं आहे, वाचून सांगितलं की विषय संपला. ऑफसाईडची रेषा मात्र मैदानावर कुठंच आखलेली नसते. बचाव करणाऱ्यांच्या फळीबरोबर ती पुढं-मागं पळत असते आणि लाईनमननं ती मनातल्या मनात ओढायची असते, तीही पास दिला त्या नेमक्या क्षणाला. स्ट्रायकर सेकंदाला सात मीटरनं पुढं पळतोय आणि बचाव करणारा तीन मीटरनं उलट्या दिशेला येतोय असं धरा. दोघांमधलं अंतर सेकंदाला दहा मीटरनं बदलतंय. पास देणाऱ्यावरची नजर उचलून रेषेवर आणायला डोळ्याला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात दोन मीटर गेले! म्हणून कसलेला लाईनमन नजर रेषेवरच ठेवतो आणि चेंडूला पाय लागल्याचा आवाज ऐकतो. पण आवाजही फुकट येत नाही. 34 मीटरवरून यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो, म्हणजे तरीही एक मीटर. त्यात समोरच्या गॅलरीच्या आरोळ्या. 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पेनच्या एका डॉक्टरानं सरळ प्रश्न टाकला होता, की माणसाच्या डोळ्याला ऑफसाईड दिसू तरी शकतं का. त्याचं उत्तर नकारार्थी होतं.

डच संशोधकांनी 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात वेगळंच कारण मांडलं. लाईनमन शेवटच्या बचावपटूच्या अगदी रेषेत क्वचितच असतो, तो पाऊल-दोन पावलं पुढं किंवा मागं असतो. भिंतीवरचं घड्याळ बाजूनं बघितलं की मिनिटाचा काटा पुढं-मागं दिसतो, तसं त्याला होतं. त्यात पक्षपात नसतो, तो उभा राहिला त्या जागेचा तो दोष. आणि व्हिडिओनं सगळं सुटतं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, सेकंदाला पन्नास चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांच्या मधे, वरच्याच वेगानं, वीस सेंटिमीटर निसटतात.

कुस्तीत तर कॅमेऱ्याला मधे शरीरंच येतात. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले की चितपट, नियम एवढा स्वच्छ. पण खांदा कुणाच्या तरी पाठीखाली असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं शिवराजचं म्हणणं. त्यानं पंचांवर लाथ उगारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. तो व्हिडिओ आमच्याकडे प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होता, हळू करून, थांबवून, उलटा फिरवून. एका टेबलावर सहा जणांनी बघितला आणि तीन-तीन मतं पडली.

पंच लोकांच्या आरडाओरड्यानं बधतो का? बधतो, आणि किती ते मोजलेलं आहे. इंग्लंडमध्ये 40 पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातल्या 47 झटापटी टीव्हीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. झटापटी त्याच, पंचही तितकेच शिकलेले. करोनाच्या काळात युरोपातली स्टेडियमं रिकामी पडली, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली, हाही त्याचाच पुरावा. पण शाहू स्टेडियमवर यजमान कोण आणि पाहुणा कोण? दोन्ही तालमींचं घर तेच. दोन्ही गॅलऱ्या एकाच वेळी आपापल्या घरच्या मैदानावर असतात. लिव्हरपूलच्या पंचाला एकाच बाजूची भीती असते. आपल्या पंचाला दोन्ही कानांनी दोन वेगवेगळ्या शिव्या ऐकत शिट्टी वाजवायची असते. इतकी वर्षं त्याला शिव्या देणाऱ्यांत मीही होतो. हा हिशेब केल्यापासून मी थोडा गप्प बसतो.

एनबीएनं यावर एक विलक्षण प्रामाणिक उद्योग 2015 पासून चालवलाय. चुरशीच्या सामन्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करायचा. कुठली शिट्टी बरोबर, कुठली चुकली, कुठली वाजायला हवी होती आणि वाजली नाही. निकाल मात्र बदलत नाही. प्रेक्षक शांत झाले असतील असं वाटत असेल, तर तुम्ही कधी प्रेक्षक नव्हता. आता ते आदल्या रात्री सामन्यावरून आणि दुसऱ्या दिवशी अहवालावरून भांडतात.

आणि हे भांडण मिटत का नाही, याचं मला सापडलेलं सगळ्यात जबरदस्त उत्तर नोव्हेंबर 1951 चं आहे. प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांत तिथल्या फुटबॉलचा सामना झाला. राडाच झाला म्हणा. प्रिन्स्टनचा सगळ्यात मोठा खेळाडू नाक मोडून बाहेर गेला, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि एकच काम दिलं, नियम मोडलेला दिसला की टिपून ठेवा. डार्टमथच्या संघाचे गुन्हे प्रिन्स्टनच्या पोरांना सरासरी 9.8 दिसले. डार्टमथच्या पोरांना 4.3. फिल्म एकच, पडदा तोच, खोटं कुणी बोलत नव्हतं. संशोधकांचा निष्कर्ष असा, की दोन बाजूंनी एकाच सामन्याबद्दल दोन मतं बनवली असं नव्हेच. त्यांनी दोन वेगवेगळे सामने बघितले.

म्हणून एक विनंती. येत्या हंगामात एकदा, फक्त एकदा, नेहमीची गॅलरी सोडून समोरच्या गॅलरीत जाऊन बसा. पहिल्या दहा मिनिटांतले फाऊल एका कागदावर टिपा आणि तुमच्या मित्रानं नेहमीच्या जागेवरून टिपलेल्या आकड्यांशी संध्याकाळी मिसळीवर ताडून बघा. फक्त घरून निघताना टी-शर्टचा रंग तेवढा बघून घाला.